मांजर दोरीने चालते का?

धुळ्याला शिक्षकांच्या एका शिबिरात ‘प्राणी कसे शिकतात’ या विषयावर आम्ही बोलत होतो. ओघाने थॉर्नडाईकचे मांजर आले. समोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने डी.एड. किंवा बी.एड.च्या परीक्षेत त्या मांजरावर एकदा तरी उत्तर लिहिलेले होते. पिंजरा, मासा, प्रयत्न-प्रमाद, परिणामाचा नियम, सारे मुद्दे सभागृहातून भराभर आले. मग मागच्या रांगेतल्या एका बाई उठल्या आणि म्हणाल्या, “मांजर शिकते हे पुस्तकात ठीक आहे. पण आमच्या शाळेतली मुले पिलांच्या गळ्यात सुतळी बांधून त्यांना ‘फिरायला’ नेतात. पिल्लू चारही पाय रोवून बसते, मुले ओढतात, पिल्लू घासत येते. कुत्रे दोरीने चालते, बैल चालतो, मग मांजर का चालत नाही? आणि मुलांना नेमके काय सांगायचे?”

सगळे हसले. आम्हाला मात्र हसता आले नाही. या प्रश्नाचे उत्तर आम्ही पुस्तकातून नव्हे, तर स्वतः चूक करून शिकलो होतो. त्या दिवशी वेळ संपत आल्याने उत्तर थोडक्यात आटोपावे लागले. ते येथे सविस्तर देत आहोत.

आमची चूक

जळगावात आमचे घर महामार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. पहिले पाळलेले मांजर मालमोटारीखाली गेले. त्यानंतर घरात आलेल्या ठकीला मोकळे सोडायचे नाही, असे आम्ही ठरवले. पण ठकी दिवसभर दाराशी बसून ओरडत असे. तिला गच्चीवर ऊन मिळावे, वारा मिळावा म्हणून आम्ही सोपा उपाय केला. तिच्या गळ्यात सुतळी सैलसर बांधली, दुसरे टोक पाण्याच्या नळाला बांधले आणि खाली आलो.

दहा मिनिटांनी शेजारच्या मुलाची आरोळी ऐकू आली. ठकीने कठड्यावर उडी मारली होती आणि तेथून चिमणीच्या मागे पलीकडे. सुतळी कठड्यापेक्षा थोडीच लांब होती. आम्ही पोहोचलो तेव्हा ती भिंतीच्या बाहेर गळ्याने लोंबकळत होती. वर ओढून सुतळी कापली. ठकी वाचली, पण चार दिवस तिचा आवाज घोगरा होता आणि पुढे कित्येक आठवडे ती आमच्या हाताला आली नाही. हात दिसला की ती पलंगाखाली जाई.

प्राण्यांच्या वर्तनावर भाषण देणाऱ्या माणसाच्या घरी हे घडले. म्हणून आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि काय चुकले ते शोधू लागलो. चुका दोन होत्या. पहिली चूक शरीररचनेबाबत आणि बलाबाबत होती, तर दुसरी शिकण्याबाबत.

मान, खांदा आणि थोडे गणित

आपल्या गळ्याच्या खाली दोन्ही बाजूंना बोटाने चाचपून पाहा. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्यापर्यंत जाणारे एक आडवे हाड लागते. त्याला जत्रुक म्हणतात. या हाडामुळे आपले खांदे एकमेकांपासून ठरावीक अंतरावर राहतात. मांजरालाही जत्रुक असते, पण ते काडीएवढे बारीक असून स्नायूंमध्ये नुसते तरंगत असते, कोणत्याही हाडाला घट्ट जोडलेले नसते. मांजराचे पुढचे पाय धडाला केवळ स्नायूंनी बांधलेले असतात. त्यामुळे ते खांदे आत ओढून अरुंद फटीतून निघू शकते. डोके जेथून गेले तेथून बहुधा सारे मांजर जाते.

याचे दोन परिणाम होतात. गळपट्टा सैल असला तर मांजर मागे सरकून डोके काढून घेते. तो घट्ट असला तर सारा ताण मानेवर येतो. मानेत श्वासनलिका, स्वरयंत्र आणि मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, आणि त्यांच्यावर बरगड्यांसारखे संरक्षण नसते.

ताण किती येतो? नववी-दहावीच्या मुलांना हे गणित करता येईल. साडेतीन किलोचे मांजर १ मीटर खाली पडले आणि दोरी ५ सेंटिमीटर ताणली जाऊन ते थांबले असे समजू. पडताना त्याने गमावलेली स्थितिज ऊर्जा दोरीला त्या ५ सेंटिमीटरमध्ये शोषून घ्यावी लागते. म्हणजे दोरीतले सरासरी बल = मांजराचे वजन × (१ + पडलेले अंतर ÷ थांबण्याचे अंतर). येथे १ + १००/५ = २१. मांजराच्या वजनाच्या २१ पट, म्हणजे सुमारे साडेत्र्याहत्तर किलोग्रॅम-भार! एखादा मोठा माणूस त्या सुतळीला लोंबकळल्यासारखेच हे झाले.

आता हे बल किती क्षेत्रफळावर पडते ते पाहू. सुतळीची रुंदी ३ मिलिमीटर आणि मानेशी तिचा संपर्क १० सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर. दाब झाला दर चौरस सेंटिमीटरला साडेचोवीस किलोग्रॅम-भार. याउलट दोन सेंटिमीटर रुंद पट्टा छातीभोवती २५ सेंटिमीटर टेकत असेल आणि दोरी लवचिक असून मांजर २५ सेंटिमीटरमध्ये हळूहळू थांबत असेल, तर बल वजनाच्या पाचपट म्हणजे साडेसतरा किलोग्रॅम-भार होते. ते ५० चौरस सेंटिमीटरवर विभागले जाते. दाब येतो ०.३५. म्हणजे सत्तरपट कमी, आणि तोही मानेवर नाही, बरगड्यांवर.

हा हिशेब ढोबळ आहे, पण मुलांना सांगण्याजोगी गोष्ट त्यातून स्पष्ट होते. मांजराच्या गळ्यात दोरी बांधू नये. बांधायचेच तर छातीभोवतीचा पट्टा हवा. इंग्रजीत त्याला हार्नेस म्हणतात आणि बाजारातही तो त्याच नावाने मिळतो. त्यात एक पट्टा मानेच्या बुडाशी असतो आणि दुसरा पुढच्या पायांच्या मागे, छातीभोवती. दोन्ही एकमेकांना जोडलेले असतात आणि दोरी अडकवण्याची कडी पाठीवर, खांद्यांच्या मागे असते. दोरी ओढली गेली तरी गळा आवळला जात नाही. अर्थात हार्नेस घातलेले मांजरही बांधून ठेवून निघून जायचे नाही. आमच्या गच्चीवर आम्ही हजर असतो, तर सुतळीनेही एवढा अनर्थ झाला नसता.

बैल, कुत्रे आणि मांजर

पहिली चूक उमगली. पण नुसता हार्नेस आणून मांजर चालत नाही, हे ज्याने करून पाहिले त्याला ठाऊक आहे. पट्टा अंगावर चढताच बहुतेक मांजरे पोट जमिनीला टेकवून बसतात किंवा सरळ कुशीवर आडवी होतात, जणू पायांतला जीवच गेला. ओढले तर घासत येतात.

खानदेशात बैलाचे उदाहरण सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. पोळ्याला नवी वेसण, नवा कासरा, गोंडे लावून मिरवणारा बैल एका लहान मुलाच्याही मागे निमूट चालतो. त्यामागे दोन कारणे आहेत. वेसण नाकपुड्यांमधल्या नाजूक पडद्यातून जाते. कासरा ताणला की दुखते आणि ताणाच्या दिशेने पाऊल टाकले की दुखणे थांबते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. बैल हा कळपातला प्राणी आहे. पुढच्याच्या मागे चालणे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून शेतकरी नव्या गोऱ्ह्याला जुवाखाली आणताना शिकलेल्या बैलाच्या जोडीला लावतो. कुत्र्याचे पूर्वज लांडगे, तेही टोळीने राहणारे आणि टोळीने शिकार करणारे. सोबत्याबरोबर चालणे कुत्र्याला शिकवावे लागत नाही, फक्त दोरीची सवय करावी लागते.

मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियातले रानमांजर. ते एकट्याने राहते आणि एकट्याने शिकार करते. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सहवास फार जुना आहे. पण माणसाने बैलाला कामाला जुंपले, कुत्र्याला राखणीला ठेवले, तसे मांजराकडून काही करून घेतले नाही. धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आले आणि ते राहिले. ‘पुढच्याच्या मागे चाल’ हा धडा त्याच्या पूर्वजांना कधी लागलाच नाही. त्यातून मांजर स्वतः शिकारी असले तरी आकाराने लहान आहे, मोठ्या प्राण्यांचे भक्ष्य आहे. घाबरले की ते पळते, लपते, आणि दोन्ही शक्य नसेल तर निश्चल होते. दोरीने पळणे आणि लपणे या दोन्ही वाटा बंद केल्या की तिसरीच उरते. पाय रोवून बसलेले पिल्लू हट्टी नसते, ते घाबरलेले असते. शिबिरातल्या बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

थॉर्नडाईकच्या प्रयोगातला विसरलेला भाग

मग मांजर शिकते कसे? येथे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या मांजराकडे परत जाऊ. एडवर्ड थॉर्नडाईक यांनी १८९८ साली कोलंबिया विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. लाकडी पट्ट्यांच्या पेटीत भुकेले मांजर ठेवायचे, बाहेर खाद्य ठेवायचे. आतली एखादी दोरी ओढली किंवा कडी दाबली की दार उघडे. एका मांजराला पहिल्या खेपेस बाहेर पडायला १६० सेकंद लागले. पुढे हा वेळ कधी वाढत, कधी घटत कमी होत गेला आणि विसाच्या वर खेपा झाल्यावर तो सहा-सात सेकंदांवर आला. ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा घडण्याचा संभव अधिक, हा परिणामाचा नियम यातून निघाला.

एवढे आपण परीक्षेत लिहितो. पण त्याच प्रबंधात आणखी एक प्रयोग आहे, तो गाइडांमध्ये सहसा नसतो. थॉर्नडाईक यांनी काही मांजरांचा पंजा स्वतःच्या हाताने धरला, त्याच पंजाने दोरी ओढवली, दार उघडू दिले आणि मांजराला खाद्य मिळू दिले. असे अनेकदा केले. कृती बरोबर, परिणामही सुखद. तरी मांजरे शिकली नाहीत. हालचाल मांजराच्या अंगाची होती, पण ती त्याने केलेली नव्हती.

आमची दुसरी चूक येथे होती. दोरीने ओढत नेणे म्हणजे मांजराचा पंजा धरून कडी दाबणेच. त्यातून मांजर एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे दोरी दिसली की पळायचे.

थॉर्नडाईक यांचे सगळेच म्हणणे टिकले असे नाही. मांजर दुसऱ्याचे पाहून शिकत नाही, असेही त्यांनी लिहिले होते. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिलांना मांजरी कळ दाबून खाद्य मिळवताना दाखवली गेली. स्वतःच्या आईला पाहणारी पिले लवकर शिकली, अनोळखी मांजरीला पाहणारी उशिरा, आणि कोणालाच न पाहणारी पिले शिकलीच नाहीत. कोण शिकवते याला महत्त्व असते, हे शिक्षकांना सांगायला नको!

कोल्हापूरचे चित्ते

‘मार्जारकुळातल्या प्राण्याला दोरीने फिरवणे ही परदेशी हौस’ असे कोणी म्हणेल. तसे मुळीच नाही. आपल्या देशात, आणि महाराष्ट्रातही, हे काम शतकानुशतके होत आले. तो प्राणी मांजर नव्हता, चित्ता होता. कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात आणि त्यांना सांभाळणाऱ्या माणसांना चित्तेवान म्हणत. चित्त्याच्या गळ्यात आणि कमरेला पट्टे असत, डोळ्यांवर टोपी असे. बैलगाडीतून त्याला कळपाजवळ नेत. काळविटे बैलगाडीला बुजत नसत. मग टोपी काढून चित्त्याला सोडत.

हे शिक्षण कसे होई? बछडे पाळून उपयोग नसे, कारण शिकार त्याला आईनेच शिकवलेली असावी लागे. म्हणून वाढलेला रानटी चित्ता पकडत. त्याला खाटेला बांधून ठेवत, उपाशी ठेवत, झोपू देत नसत. माणसांच्या गजबजाटात बसवत, भर बाजारातून दोरीने फिरवत. खायला मात्र एकाच माणसाच्या हातून मिळे. काही महिन्यांत चित्ता माणसाळे. पद्धतीत परिणामाचा नियम होता, पण तो भूक आणि थकवा यांच्या पायावर उभा होता.

त्याची किंमत चित्त्याच्या जातीने मोजली. अकबराच्या पदरी हजार चित्ते होते, असे जहांगिराने नोंदवले आहे. एवढ्या चित्त्यांत पिले मात्र होत नसत. जहांगिराने एका वेळची नोंद केली आहे, ती १६१३ सालची. एका नराने गळ्यातला पट्टा सोडवून घेतला, तो मादीकडे गेला आणि पुढे तिला पिले झाली. पट्टा निसटला तेव्हा! बंदिवासात चित्त्याला पिले झाल्याची त्यानंतरची नोंद थेट १९५६ सालची, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयातली. म्हणजे दरबारातला प्रत्येक चित्ता रानातून पकडावा लागे. अधिवास कमी होणे, काळविटे घटणे, बंदुकीची शिकार आणि ही पकड, असे सारे मिळून चित्ते संपत गेले. विसाव्या शतकात कोल्हापूरला आफ्रिकेतून चित्ते आणवावे लागले. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधल्या कोरिया संस्थानात तीन चित्ते मारले गेले आणि १९५२ मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ पासून मध्य प्रदेशातल्या कुनो येथे आफ्रिकेतले चित्ते पुन्हा आणले गेले, ते गळ्यात रेडिओ पट्टे घालून. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांतल्या काहींच्या मानेवर आणि पाठीवर जखमा होऊन त्यांत अळ्या पडल्या. तेव्हा चित्ते पकडून, पट्टे उतरवून तपासणी करावी लागली. पट्टा साध्या मांजराचा असो की चित्त्याचा, त्याखालची कातडी रोज पाहावी लागते, हा धडा आपल्यालाही लागू आहे.

ठकीचा अभ्यासक्रम

आता आम्ही ठकीबरोबर काय केले ते सांगतो. नियम एकच ठेवला. पाऊल तिचे, सोय आमची. ती घाबरली तर आम्ही एक पायरी मागे जायचे.

पहिला आठवडा हार्नेस नुसता तिच्या ताटलीशेजारी पडून होता. नवी वस्तू रोज दिसली आणि काही वाईट घडले नाही, की तिची दखल घेणे प्राणी सोडून देतो. मनगटावरचे घड्याळ आपल्याला दिवसभर जाणवत नाही. ते कातडीतल्या संवेदना बोथट झाल्यामुळे. दोन्ही प्रकारची सवय मांजराला लागते, पण वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्या टप्प्यात तिने हार्नेस हुंगला की ‘टिक्’ असा आवाज करायचा आणि लगेच उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा द्यायचा. आवाजासाठी आम्ही बॉलपेनचा खटका वापरला. जत्रेत मिळणारा पत्र्याचा टिकटिक बेडूकही चालेल. ही युक्ती आमची नाही. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली प्राण्यांना शिकवण्याविषयी एक सोपा लेख लिहिला, त्यात अशाच खेळण्याचा उपयोग सांगितला आहे. खाऊ तोंडात पडेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात आणि तोवर मांजर दुसरेच काही करीत असते. आवाज मात्र नेमक्या क्षणी करता येतो. ‘हेच, हेच बरोबर’ असे तो सांगतो.

मग पायऱ्या अशा झाल्या. हार्नेस पाठीवर टेकवला, टिक्. फासातून तिने स्वतः डोके घातले, टिक्. बक्कल लावून पाच आकडे मोजले आणि काढले. दहा, वीस, साठ. पहिल्यांदा बक्कल लागले तेव्हा ठकीही कुशीवर आडवी पडली. आम्ही तिला उचलले नाही, ढकलले नाही. बक्कल काढले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचपासून सुरुवात केली. पट्टा आणि अंग यांमध्ये एक-दोन बोटे जातील इतका सैलपणा ठेवला. बंद खोलीत तिला मागे सरकू देऊन हार्नेस निसटतो का ते आधी पाहिले. त्यानंतर घरातच दोरी नुसती मागे घसरत ठेवली. ती कशात अडकणार नाही याकडे लक्ष ठेवले. मग दोरी हातात, पण ढिली.

दार उघडण्याच्या आधी दोन कामे केली. पशुवैद्यकाकडे नेऊन तिला रेबीजची लस टोचून घेतली आणि तिची नसबंदी केली. मग एका पहाटे दार उघडे ठेवून आम्ही उंबऱ्यात बसलो. ती उंबऱ्याशी आली, हुंगले, परत गेली. असे सहा दिवस चालले. सातव्या दिवशी ती अंगणात उतरली. ज्या हाताला पाहून ती पलंगाखाली जात असे, त्याच हातातली दोरी तिच्या मागोमाग उंबरा ओलांडून गेली.

जळगावचे ऊन

हे सर्व होईपर्यंत मार्च संपत आला होता. पुढचा धोका जळगावकरांना सांगायला नको. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि भर दुपारी डांबर ६० अंशांच्याही वर तापते. मांजराचे शरीर-तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. त्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना. बाकी थंडावा ते अंग चाटून मिळवते. तोंड उघडून धापा टाकणे कुत्र्यात नेहमीचे असते, मांजरात ते संकटाचे लक्षण समजावे. म्हणून उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिराच बाहेर जावे. जमिनीवर हाताची पालथी बाजू सात-आठ सेकंद सुखाने ठेवता येत नसेल, तर तेथे मांजराचे तळवे टेकवू नयेत.

वर्गात काय करता येईल?

मांजर वर्गात आणू नका. अनोळखी जागा, पन्नास मुले आणि दोरी एवढे एकत्र आले की ओरखडे ठरलेले. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लशीबाबत विचारावे. ही माहिती मुलांना अवश्य द्या.

मांजराशिवायही पुष्कळ करता येते. सकाळी सात ते संध्याकाळी सहा, दर तासाला डांबर, माती आणि झाडाखालचे गवत यांचे तापमान नोंदवून आलेख काढता येईल. एक किलोची वाळूची पिशवी आधी सुतळीला आणि मग सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीला बांधून एकाच उंचीवरून सोडा. कोणती दोरी तुटते? थांबण्याचे अंतर किती? मुले लांब उभी राहतील एवढे पाहा. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी बॉलपेनचा खटका आणि खाऊ यांच्या साहाय्याने त्याला एखाद्या पाटावर बसायला शिकवावे. किती खेपा लागल्या ते वहीत लिहावे. थॉर्नडाईकचा आलेख त्यांचा स्वतःचा होईल.

शेवटी, ठकी दोरीने चालते का? अर्ध्या तासात ती चाळीस पावले जाते. कडुनिंबाच्या बुंध्याशी थांबते, मुंग्या पाहते, वाऱ्याची दिशा बदलली की कान फिरवते. दोरी ढिली असते. आम्ही तिच्या मागे उभे असतो. दिशा ती ठरवते, महामार्गाकडची वाट तेवढी दोरी अडवते. याला ‘फिरायला नेणे’ म्हणावे की नाही, ते वाचकांनी ठरवावे. मुलांना मात्र आता सांगता येईल की दोरी मांजराला शिकवत नाही. ती फक्त त्याला सांभाळते, आणि शिकायचे काम मांजराचे मांजरानेच करायचे असते.

आपल्या शाळेतल्या मुलांची निरीक्षणे, फसलेल्या प्रयत्नांसह, आम्हाला जरूर कळवा.